तिसरा पुडा

साडेपाचचा भोंगा झाला की
नेहरूनगरच्या सगळ्या क्वार्टरांत
चहाची पातेली एकदम चढायची.
मी जिन्यात, शेवटून दुसऱ्या पायरीवर.
दादांच्या सायकलच्या हँडलला अडकवलेला डबा
आधी ऐकू यायचा, मग दिसायचा:
दोन रिकाम्या पुड्यांचा खडखडाट
आणि तिसरा गप्प.

प्रेसच्या गेटवर रोज झडती.
खिसे, चपला, टोपीची घडी,
डब्याची झाकणंसुद्धा उघडून दाखवायची.
नोटा छापणाऱ्या माणसाला
बाहेर काही म्हणजे काही आणता येत नाही,
असं आई शेजारणींना सांगायची,
अर्धी अभिमानानं, अर्धी वैतागून,
वीस तारखेनंतर जरा जास्तच वैतागून.

म्हणून पहिल्यांदा ती पाहिली
तेव्हा धडकीच भरली मला.
तिसऱ्या पुड्यात, नागलीच्या चतकोर भाकरीखाली,
काळं कुळकुळीत, तेलकट काहीतरी.
मी दादांच्या कानाशी गेले,
"शाई चोरली?"

दादा इतके हसले की सायकल आडवी झाली.
"खुरसणीची चटणी आहे. बेंडकुळ्याच्या घरची.
सुरगाण्याकडचा आहे तो. लाव जीभ."

लावली.
आधी लसूण, मग तिखट, मग डोळ्यांत पाणी,
आणि पाण्यामागून हळूच
एक कडवट भाजका वास,
आमच्या घरातल्या कुठल्याच डब्यात नसलेला.
समोरचा दात नुकताच पडला होता.
त्या फटीत एक काळा दाणा
झोपेपर्यंत जिभेनं शोधत राहिले.

आईनं बोट लावून निकाल दिला,
"मीठ जास्त पडतं बाईच्या हातून."
दुसऱ्या दिवशी मात्र तिनं मेथी वाढीव केली,
झाकण लावताना पुटपुटली,
"कळू दे तिलाही."

मग ते सुरूच झालं.
इकडून शेंगदाण्याचा कूट, मनुका घातलेला सांजा,
तिकडून उडदाचं घुटं, कसलीशी रानभाजी
जिचं नाव दादा घरी येईपर्यंत विसरायचे.
दोघी कधी भेटल्या नाहीत.
जेल रोडपासून फार तर दोन मैलांचं अंतर,
पण कुणी कुणाकडे गेलं नाही.
एकदा चटणी फिकी आली.
आई म्हणाली, "दिवस गेलेत तिला."
दादांनी बेंडकुळ्यांना विचारलं, तर खरंच.

चौथीत होते मी. परीक्षा जवळ आलेली.
जिन्यात बसून नद्यांची नावं पाठ करत होते
आणि तिन्ही पुडे वाजले.

आईनं आतून ऐकलं असावं.
स्टोव्हचा आवाज बंद झाला.
दादा चपला न काढताच दारात उभे.
"बेंडकुळ्याची बायको गेली. सिव्हिलात. पोरगं आहे."
आई बराच वेळ ओल्या हातांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "नाव काय होतं तिचं?"

दादांना माहीत नव्हतं.
इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं कुणी.

भांडीबाजारातून आईनं चौथा पुडा आणला.
त्याची कडी नीट बसायची नाही, सुतळीनं बांधायची.
त्यात मऊ भात, पुढं कुस्करलेली पोळी दुधातली,
तिखट अजिबात नाही.
संध्याकाळी तो बेंडकुळ्यांच्या घरी जायचा,
सकाळी घासून परत यायचा.
गेटवरचा शिपाई म्हणे तो उघडायचा नाही.

आता पेठ रोडला एक बाई
पोत्यावर खुरसणी घेऊन बसते.
मी पावशेर घेते, लोखंडी तव्यावर भाजते,
घर धुरकट होतं, मुलगी खिडक्या उघडत फिरते.
पाहुणे विचारतात, "कुणाची पद्धत?"
मी म्हणते, ओळखीच्या एका बाईंची,
आणि पुढचा प्रश्न येण्याआधी
भाकरी वाढते.

मीठ जरा जास्त होतं.
मला माहीत आहे.